काकांची एक्सेल, माझा चार्ट: बाहेरच्या फाइलमधून डेटा आणायचा कसा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मे महिना लागला की ग्रुपवर एकच विषय, पाणी. तलावात किती टक्के उरलंय, कपात होणार का, टँकरचे पैसे कोण देणार. पालिका रोज सकाळी ६ वाजताचा साठा जाहीर करते आणि आमचे सेक्रेटरी काका ते सातही तलावांचे आकडे रोज एक्सेलमध्ये भरतात (का भरतात विचारू नका, रिटायर झालेत, आणि खरं सांगू का, इतकं नीट रेकॉर्ड मी कुठल्या ऑफिसातही पाहिलेलं नाही). तर एकदा मला म्हणाले, "अगं तुझं ते कॉम्प्युटरचंच काम ना, याचा एक आलेख करून दे की आपल्या साइटवर."

दिला करून. पण घाईत आकडे सरळ कोडमध्येच टाकले. एका रात्रीत चार्ट तयार, सगळ्यांचे अंगठे आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांचा मेसेज, "आजचा आकडा टाकतेस ना?" तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आपण स्वतःला बिनपगारी नोकरी लावून घेतलीय. मग बसले आणि डेटा बाहेरच्या फाइलमध्ये काढला, म्हणजे काकांनी फाइल भरायची, पानाने ती उचलायची, आणि मी मध्ये कुठेच नाही. हे करताना जे जे अडलं ते सगळं लिहून ठेवतेय. फाइल उचलणं हे दोन ओळींचं काम आहे हो, नेटवर शंभर ठिकाणी मिळेल. वेळ जातो तो फाइलीतून आत आलेला आकडा खरंच आकडा आहे का ते बघण्यात, म्हणून इथे त्यावरच जास्त बोलणार आहे.

आधी ठरवा: सीएसव्ही का जेसन

फाइल माणूस भरणार असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल), दुसरा प्रोग्रॅम बनवून देणार असेल तर जेसन (कंसांत नाव आणि किंमत अशा जोड्या लिहायची पद्धत). माझं तरी एवढंच आहे. जेसन दिसायला छान पण फार सोवळ्यातला, शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम चुकून राहिला की अख्खी फाइल बाद, सिंगल कोट वापरले बाद, मध्ये कमेंट लिहिली बाद. काकांना हे सांगायला मी जाणार नाही. सीएसव्ही एक्सेलमधून निघते, नोटपॅडमध्ये उघडते, आणि एखादी ओळ बिघडली तर बाकीच्या ओळी बहुतेक वेळा वाचतात. जेसनचा फायदा म्हणजे त्यात आकडा हा आकडा असतो आणि रिकामं हे रिकामं (त्याला नल म्हणतात), सीएसव्हीत मात्र सगळंच मजकूर. हे डोक्यात ठेवा, पुढे सगळा लोचा इथूनच होणार आहे.

मी दोन फाइली केल्या. एक रोजची, तिच्यात पहिला कॉलम तारीख आणि पुढे प्रत्येक तलावाचा एकेक कॉलम. दुसरी क्षमतेची, ती एकदाच भरायची आणि विसरायची. आकडे दशलक्ष लिटरमध्ये:

कोड,नाव,क्षमता
भातसा,भातसा,७१७०३७
अप्पर,ऊर्ध्व वैतरणा,२२७०४७
मिडल,मध्य वैतरणा,१९३५३०
तानसा,तानसा,१४५०८०
मोडक,मोडक सागर,१२८९२५
विहार,विहार,२७६९८
तुळशी,तुळशी,८०४६

बेरीज १४,४७,३६३ आली पाहिजे, पेपरात छापून येतो तोच आकडा. इथे मी आकडे मराठीत लिहितेय पण तुमच्या फाइलीत इंग्रजी आकडेच टाका, कारण जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला मराठी आकडा दिला की तो हात वर करतो आणि नॅन देतो, म्हणजे "हा काय नंबर नाय". कोड आणि नाव असे वेगवेगळे कॉलम मुद्दाम ठेवलेत. एकीकडे "मोडक सागर" आणि दुसरीकडे "मोडकसागर" लिहिलं की दोन फाइलींची जोडणी तुटते आणि एररही येत नाही, तो तलाव गुपचूप चार्टवरून गायब होतो. दोन्ही फाइलींत कोड एकच ठेवा, लहानसा आणि शक्यतो इंग्रजीत, नाव काय ते फक्त दाखवायला.

डबल-क्लिक करून पान उघडू नका

पहिली अडचण सगळ्यांना हीच येते. फोल्डरमध्ये पान आहे, शेजारी सीएसव्ही आहे, पानावर डबल-क्लिक केलं आणि चार्टच्या जागी पांढरं. एफ-१२ दाबून कन्सोल (ब्राउझर एरर दाखवतो ती खिडकी) बघितला तर लाल अक्षरांत कॉर्सचं काहीतरी (एका ठिकाणच्या पानाने दुसऱ्या ठिकाणची फाइल वाचायची का, याचा ब्राउझरचा नियम). होतं काय की डबल-क्लिकने पान थेट डिस्कवरून उघडतं, आणि असं पान शेजारची फाइल वाचायला गेलं की ब्राउझर अडवतो. बरोबरच आहे त्याचं, नाहीतर मेलमधून आलेलं कुठलंही पान तुमच्या डिस्कवरच्या फाइली वाचत सुटलं असतं.

उपाय म्हणजे स्वतःच्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालू करायचा. पायथन असेल तर त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पायथनला डॅश-एम देऊन एचटीटीपी-डॉट-सर्व्हर चालवायला सांगा, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०००. व्हीएस कोड वापरत असाल तर लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन टाका, खाली बटण येतं, दाबलं की झालं. ब्राउझरची सुरक्षा बंद करून चालवायचे जुगाड नेटवर दिसतील, त्या वाटेला जाऊ नका, तुमच्याकडे चालेल आणि बाकी कोणाकडेच चालणार नाही.

एक अपवाद आहे. कोणाला पेन ड्राइव्हवर द्यायचंय आणि तिथे सर्व्हर वगैरे काही नाही, तर डेटा एका जेएस फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून लिहा आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडा. स्क्रिप्ट टॅगला ही आडकाठी नाही (मॉड्यूल टाइपच्या स्क्रिप्टला आहे, ते सोडून). वार्षिक सभेत प्रोजेक्टरवर दाखवायला मी हेच केलं होतं.

दुसऱ्याच्या साइटवरची फाइल उचलायची असेल तर तिथल्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवला पाहिजे. नसेल पाठवला तर तुमच्या पानाच्या कोडमधून काहीही करून उपयोग नाही, फाइल डाउनलोड करून आपल्याकडे ठेवा.

उचलणं

फेच नावाचं फंक्शन ब्राउझरमध्ये तयारच असतं. त्याला फाइलचा पत्ता द्या, अवेट करा (म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबा), मिळालेल्या रिस्पॉन्सवर टेक्स्ट किंवा जेसन मागा, परत अवेट करा. दोन फाइली असतील तर प्रॉमिस-डॉट-ऑलमध्ये दोन्ही एकदम सोडा म्हणजे एकीसाठी दुसरी थांबत नाही. आणि चार्ट काढायचं काम अवेटच्या खालीच, त्याच फंक्शनमध्ये करा. नवीन मुलं चार्टचा कोड बाहेर ठेवतात, मग चार्ट आधी निघतो आणि डेटा नंतर पोचतो, म्हणजे वऱ्हाड यायच्या आधीच पंगत उठली.

आता फेचची एक खोड. फाइल सापडली नाही, सर्व्हरने ४०४ दिलं, तरी फेच म्हणतो सगळं ठीक. नेट बंद असलं किंवा कॉर्सने अडवलं तरच तो बोंब मारतो. त्यामुळे रिस्पॉन्स-डॉट-ओके खरं आहे का ते स्वतः तपासा, नसेल तर तिथेच एरर फेका. नाही तपासलं तर "फाइल सापडली नाही" असं सांगणारं एचटीएमएल पान तुमचा कोड डेटा समजून वाचायला घेतो. जेसन वाचताना "अनएक्स्पेक्टेड टोकन" आणि पुढे लेस-दॅनचं चिन्ह दिसलं की समजा, जेसनच्या जागी एचटीएमएल आलंय. फाइलचा पत्ता चुकलाय, दुसरं काही नाही. आणि पत्ता बहुतेक वेळा अक्षरांच्या लहानमोठेपणात चुकतो, विंडोजवर कॅपिटल काय आणि स्मॉल काय सगळं चालतं, गिटहब पेजेसवर (साइट ठेवायची एक जागा) टाकलं की चालत नाही. घरी चालतं, साइटवर नाही, असं झालं तर आधी हेच बघा.

मजकूर हातात आला, आता त्याचे तुकडे. इथे प्रत्येकाला वाटतं की लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) कशाला, ओळीवर तोडा मग स्वल्पविरामावर तोडा, झालं. मलाही वाटलं होतं. काकांनी एक्सेलमध्ये आकड्यांना छान लाखाचे स्वल्पविराम लावलेले, आणि एक्सेल सीएसव्ही काढताना सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं, म्हणजे १,९३,५३० हे अवतरण चिन्हांत घालून गेलं, माझ्या कोडने त्याचे तीन तुकडे केले, आणि मध्य वैतरणेत १ दशलक्ष लिटर पाणी दिसायला लागलं. शिवाय विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, आपण एकावर तोडतो आणि दुसरं शेवटच्या कॉलमच्या नावाला चिकटून राहतं. मग "तुळशी" मागितलं की अनडिफाइंड. डोळ्यांनी बघितलं तर नाव अगदी बरोबर दिसतं! माझी एक संध्याकाळ गेली यात.

अवतरण चिन्हांत स्वल्पविराम आला तर काय करायचं, अवतरणातच अवतरण आलं तर काय, हे सगळं आरएफसी ४१८० या सीएसव्हीच्या नियमावलीत २००५ सालीच लिहून ठेवलंय. ते पाळणारी लायब्ररी घ्या आणि सुखाने झोपा. पापा पार्स घ्या (हेडर चालू, रिकाम्या ओळी गाळणं चालू, पत्ता देऊन डाउनलोड चालू केलंत तर फेचपण तोच करतो) किंवा डी-थ्री या चार्टच्या लायब्ररीचं सीएसव्ही फंक्शन. डी-थ्रीचे धडे नेटवर वाचताना तारीख बघा, २०१८ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हापासून ते प्रॉमिस (ज्यावर अवेट करता येतं ते) देतं, त्याआधीचे कॉलबॅकवाले धडे जसेच्या तसे चिकटवले तर चार्ट निघत नाही.

मराठी हेडिंगांचं: एक्सेलमधून नुसतं "सीएसव्ही" निवडून सेव्ह केलं तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय आहे, तो घ्या. त्याने फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटचं एक अदृश्य चिन्ह बसतं, पण फेचचं टेक्स्ट ते काढून टाकतं, पापा पार्सही काढतो. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर चालणारं जावास्क्रिप्ट) स्क्रिप्ट लिहून फाइल वाचत असाल तर मात्र ते तसंच येतं आणि पहिल्या कॉलमला चिकटतं.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे

आता खरं काम. सीएसव्हीतून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते म्हटलं ना, तर तिचा आकडा करावा लागतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचा आकडा केला की येतं शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. चार्ट-जेएसला (मी चार्ट याच लायब्ररीने काढते) तुम्ही तो रिकामा मजकूर तसाच दिलात तरी तो आतमध्ये हेच करतो. म्हणजे काकांनी एखाद्या दिवशी भातशाचा रकाना सोडला तर चार्टवर भातसा त्या दिवशी ठणठणीत कोरडा, आणि दुसऱ्या दिवशी परत भरलेला. आमच्याकडे झालं हे. ए विंगमधल्या वहिनींनी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला आणि पाऊण तास नुसता गोंधळ, दोघांनी टँकरवाल्याला फोनही लावून झाले होते.

जुन्या आकड्यांत तर हे अजून वाईट. मध्य वैतरणा धरण २०१४ चं, त्याआधीच्या सालांचा तक्ता जोडलात तर त्या कॉलममध्ये वर्षानुवर्षं रिकामं असणार. तिथे शून्य काढलं तर वाचणाऱ्याला वाटेल की धरण होतं आणि कोरडं पडलं होतं. धरणच नव्हतं!

म्हणून स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहा, सगळे आकडे त्याच्यातूनच जाऊ द्या. मजकुराच्या मागचीपुढची स्पेस काढा. उरलं काहीच नाही, किंवा नुसता डॅश आहे, तर नल परत द्या. मग स्वल्पविराम काढा. मग नंबर करा, आणि नॅन आला तर पुन्हा नल द्या, पण सोबत कन्सोलमध्ये कुठल्या ओळीत कुठल्या कॉलममध्ये काय सापडलं ते छापा. पार्सफ्लोट वापरू नका, तो फार समजूतदारपणा करतो, १,९३,५३० दिलं तर पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून १ देतो आणि तुम्हाला कळतही नाही. पापा पार्सचं डायनॅमिक टायपिंग किंवा डी-थ्रीचं ऑटोटाइप रिकाम्याचं नल करतात, ते ठीक, पण लाखाचे स्वल्पविराम दोघांनाही कळत नाहीत, तो आकडा मजकूरच राहतो. म्हणून मी दोन्ही बंद ठेवते आणि माझंच फंक्शन वापरते.

नल दिला की चार्ट-जेएस तिथे रेष तोडतं. स्पॅन-गॅप्स नावाचं सेटिंग चालू केलंत तर तुटलेली टोकं जोडतं, मी ते बंदच ठेवते, ज्या दिवशी माहिती नाही त्या दिवशी रेषही नको.

तारखांचं पाप

आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो. ब्राउझरला ०७-०८-२०२४ दिलं तर क्रोम ते अमेरिकन पद्धतीने वाचतं, ७ ऑगस्टची ८ जुलै होते. आणि १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे "इनव्हॅलिड डेट". म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चुपचाप चुकीच्या जागी आणि बाकीचे गायब. अर्धवट चार्ट दिसला आणि तो बारा तारखेशी तुटत असला तर दुसरीकडे शोधूच नका.

फाइलीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, २०२४-०८-०७. एक्सेलमध्ये त्या कॉलमचा फॉरमॅट तसा कस्टम सेट करावा लागतो, नाहीतर टाइप केल्या केल्या तो आपल्या पद्धतीने फिरवतो. आणि सीएसव्ही परत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की फॉरमॅट पुन्हा उडतो, कारण सीएसव्हीत फॉरमॅट साठतच नाही, म्हणून मूळ फाइल एक्सेलचीच ठेवा आणि प्रत्येक वेळी तिच्यातून सीएसव्ही काढा.

वर्ष-महिना-दिवस लिहिल्यावरही एक गंमत उरते. नुसती तारीख दिली, वेळ नाही दिली, तर जावास्क्रिप्ट ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीची धरतं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच, त्यामुळे आपल्याला कधी त्रास होत नाही. आमच्या बी विंगमधल्या एकांचा मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याला सगळा चार्ट एक दिवस मागे दिसायचा. त्याने कळवलं म्हणून समजलं. तोडगा सोपा आहे, डॅशवर तोडून तीन आकडे काढा आणि त्यांच्यापासून तारीख बनवा, फक्त महिन्यातून एक वजा करायला विसरू नका, तिथे जानेवारी शून्यावर असतो.

चार्ट-जेएसचा टाइम अक्ष वापरायचा असेल तर तिसऱ्या आवृत्तीपासून तारखेचं अ‍ॅडॅप्टर वेगळं जोडावं लागतं, लक्सन किंवा डेट-एफएनएसवालं कुठलंही. नाही जोडलं तर एरर येते, ती निदान स्पष्ट असते.

काहींना तलावांशेजारी पाऊसही दाखवायचा असतो, मीही केला. तिथे तारखेचा अर्थच वेगळा आहे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. २६ जुलै २००५ चा सांताक्रुझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आपण सगळे २६ जुलै म्हणूनच लक्षात ठेवतो, पण ते चोवीस तास संपले २७ च्या सकाळी साडेआठला, त्यामुळे एखाद्या तक्त्यात तो २७ तारखेसमोर सापडला तर फाइल चुकलीय असं समजून "दुरुस्त" करायला जाऊ नका. फाइलवाल्याने कुठली तारीख धरलीय ते आधी बघा. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३-७४ मिलिमीटर होता, म्हणजे नुसतं "मुंबई" लिहिलेला कॉलम असेल तर तो कुठल्या केंद्राचा ते विचारल्याशिवाय काढूच नका.

आता चार्ट

सगळ्या तलावांचा साठा एकाच अक्षावर दशलक्ष लिटरमध्ये काढला तर भातसा वर आभाळात आणि तुळशी खाली जमिनीला चिकटलेली, कारण एकटा भातसा जवळजवळ निम्मा आहे. म्हणून टक्के काढा, क्षमतेच्या फाइलीतून भागून. प्रत्येक तलावाचा वेगळा डेटासेट, पण ओळी सगळ्यांना त्याच द्यायच्या, फक्त पार्सिंगच्या सेटिंगमध्ये वाय अक्षाचा कॉलम प्रत्येकाला वेगळा सांगायचा, म्हणजे सात वेगळे अ‍ॅरे बनवत बसावं लागत नाही.

एकूण टक्क्यांची रेष काढताना सात टक्क्यांची सरासरी काढू नका हो. समजा विहार आणि तुळशी काठोकाठ भरलेत आणि बाकीचे पाच अर्धे आहेत. सरासरी येते ६४ टक्के. प्रत्यक्षात सगळं पाणी मोजलं तर ५१ टक्के. विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्केसुद्धा नाहीत, आणि भरून वाहायला लागतात तेच लवकर, त्यामुळे जुलैत असा चार्ट सगळ्यांना खूश करतो आणि मे महिन्यात तोंडावर पाडतो. आधी साठ्यांची बेरीज, मग १४,४७,३६३ ने भाग. आणि त्या दिवशी एखाद्या तलावाचा आकडा नल असेल तर त्या दिवसाचं एकूणही नलच, उरलेल्या सहांची बेरीज दाखवू नका.

दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंगला "एमआर-आयएन" द्या, मराठी आकडे लाखाच्या स्वल्पविरामांसकट मिळतात. "ईएन-आयएन" दिलं तर स्वल्पविराम तसेच पण आकडे इंग्रजी. आमच्याकडे यावर मतदान झालं, मराठी जिंकली.

वर्ष बदलायचा ड्रॉपडाउन ठेवलात तर नवीन फाइल आली की त्याच चार्टचा डेटा बदलून अपडेट म्हणा. त्याच कॅनव्हासवर दुसरा चार्ट उभा करायला गेलात तर "कॅनव्हास वापरात आहे" म्हणतो, मग आधीचा डिस्ट्रॉय करावा लागतो.

साइटवर टाकल्यावर

काकांनी नवी फाइल टाकली आणि चार्ट कालचाच. हे ब्राउझरच्या कॅशेचं काम, एकदा उचललेली फाइल तो स्वतःकडे जपून ठेवतो. फेचला कॅशे "नो-कॅशे" सांगा, म्हणजे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतो की बदललंय का. किंवा पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून आजची तारीख जोडा. रोज एकदा बदलणाऱ्या फाइलीला दर मिनिटाला परत उचलायचा टायमर लावू नका, पान उघडल्यावर एकदा उचललं की पुष्कळ झालं.

फाइल अपलोड करणंही काकांना जड जात असेल तर गूगल शीट वापरा. फाइल मेनूत शेअरखाली "वेबवर प्रकाशित करा" आहे, तिथे एकच शीट निवडा आणि प्रकार सीएसव्ही घ्या, जी लिंक मिळते ती फेचला द्यायची. बदल काही मिनिटं उशिरा दिसतात तेवढं सांभाळून घ्या. पण ती लिंक ज्याच्याकडे जाईल त्याला शीट वाचता येते, आणि पानाच्या कोडमध्ये ती लिंक उघडीच असते. त्याच शीटमध्ये शेजारी कोणाचा मेंटेनन्स थकलाय ती यादी असेल तर संपलंच. डेटाची फाइल वेगळी ठेवा.

मग एरर. माझं माहेर डोंबिवलीचं, २०२२ पर्यंत फास्ट लोकल ठाण्यानंतर पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि आत शिरलं की नेट जायचं, तिथे मी मुद्दाम पान उघडून बघितलं होतं. नुसता पांढरा चौकोन. बघणाऱ्याला काय कळणार, तलाव रिकामे का पान बंद? म्हणून सगळा प्रकार ट्राय-कॅचमध्ये (एरर आली तर ती पकडायची सोय) घाला आणि कॅचमध्ये चार्टच्या जागी साध्या मराठीत लिहा की आकडे आणता आले नाहीत, थोड्या वेळाने बघा. बोगद्यापर्यंत जायची गरज नाही, एफ-१२ च्या नेटवर्क टॅबमध्ये "ऑफलाइन" निवडता येतं.

चार्टच्या कोपऱ्यात "शेवटची नोंद" म्हणून तारीख लिहा, आणि ती फाइलीतल्या शेवटच्या ओळीतून घ्या, आजची नको. आजची तारीख लिहिली तर फाइल महिनाभर कोणी हात लावला नसला तरी पान रोज ताजंच वाटतं.

एक मात्र माझ्याकडून सुटलं होतं. रकाना रिकामा असेल तर नल येतो, पण ओळच नसेल तर? काका गणपतीला दहा दिवस गावी गेले, त्या दहा दिवसांच्या ओळीच नाहीत, त्यामुळे चार्टने आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ जोडून टाकला, जणू दहा दिवस पाणी रोज सारखंच वाढत होतं. मजकुराचा साधा अक्ष असता तर ते दहा दिवस गायबच झाले असते. आता मी पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकेक दिवस मोजत जाते, त्या दिवसाची ओळ सापडली तर ती, नाही सापडली तर सातही नल असलेली ओळ स्वतःच घालते. वहिनींनी लगेच विचारलं, रेष मध्येच तुटलीय ती का. काकांनी ते वाचलं, रद्दीत ठेवलेले दहा पेपर काढले आणि संध्याकाळपर्यंत सगळे आकडे भरून टाकले.